पाळणा कसा हलवावा : नवशिक्या जोडप्यांसाठी सुलभ मार्गदर्शिका

लग्नाचे फोटो फोटोग्राफरकडून अजून आलेले नसतात, तोवर पहिल्या आत्याबाईंचा फोन येतो. “काय गं, काही विशेष?” या प्रश्नाला “विशेष काही नाही आत्या, आज मेथीची भाजी केलीय” असं उत्तर दिल्यास सूनबाई विनोदी आहेत असं कुणी म्हणत नाही, पोरीला काही कळत नाही, असं म्हणतात. वर्ष उलटलं की फोनांची संख्या वाढते, आवाज खाली येतो आणि प्रश्नांची जागा पत्ते घेतात. अमक्या गावचा वैद्य, तमक्या डोंगरावरची देवी, ठाण्यातल्या एक डॉक्टरीणबाई, ‘त्यांच्या हाताला यश आहे.’

ज्यांना मूल हवंय, ज्यांनी ते दोघांनी मिळून ठरवलंय (आत्याबाई धरून तिघांनी नव्हे), आणि ज्यांना हे काम आपलं आपण, घरच्या घरी करून बघायचंय, अशा नवशिक्यांसाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांना मूल नको असेल त्यांनी ती इथेच मिटावी आणि आत्याबाईंचा नंबर सायलेंटवर टाकावा.

आधी अपेक्षा आवरा

या विषयाचं आपलं सगळं शिक्षण उलट बाजूने झालंय. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं ते १९५३ साली मरेपर्यंत. सरकारने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. मग लाल त्रिकोण आला, भिंतीभिंतीवर ‘हम दो हमारे दो’ आलं. शाळेत जीवशास्त्राच्या बाईंनी नेमका तो धडा “घरी वाचा” म्हणून सोडून दिला. सिनेमात तर नायक-नायिका पावसात भिजली, शेकोटी पेटली, की चौथ्या सीनला नायिकेला मळमळायला लागतंच. या सगळ्यातून डोक्यात एवढंच बसलं की एकदा गाफील राहिलं की संपलं. त्यामुळे लग्नानंतर गोळ्या थांबवल्या, निरोधचं पाकीट कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेलं, की जोडपं पुढच्याच महिन्यात बातमीची वाट बघू लागतं.

ती बहुधा येत नाही. दोघंही तरुण, दोघंही धडधाकट, सगळं वेळच्या वेळी, तरीही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता चार-पाचांत एक एवढीच असते. वर्षभर धीर धरला तर शंभरातल्या ऐंशीहून अधिक जोडप्यांकडे पेढे वाटले जातात आणि उरलेल्यांपैकी साधारण निम्म्यांकडे दुसऱ्या वर्षी. म्हणजे तिसऱ्या महिन्यात पाळी आली म्हणून बाथरूमचा नळ सोडून रडणं आणि त्याच संध्याकाळी नवऱ्याने ‘आपल्यात काही दोष तर नाही?’ असं गुगलला विचारणं, ही दोन्ही कामं फार लवकर होतात. तूर्त ती पुढे ढकला.

साहित्य

एक स्त्री. एक पुरुष. दार लागतं अशी एक खोली. वेळ.

पहिल्या दोन वस्तू लग्नात मिळतात. तिसरीची अडचण आहे.

जागेविषयी

परदेशी पुस्तकांत या ठिकाणी मेणबत्त्या, मंद संगीत आणि सुवासिक तेल येतं. डोंबिवलीच्या वन बीएचकेत राहणाऱ्या नवशिक्याने ते पान ओलांडावं. तिथली परिस्थिती अशी असते : हॉलमध्ये सासरेबुवा बातम्या बघतायत. बातम्या साडेअकराला संपतात, पण चर्चासत्र पुढे चालू राहतं. सासूबाईंना झोप लागत नाही, त्या पाणी प्यायला उठतात, आणि फ्रिज बेडरूमच्या दाराला लागून आहे. दार प्लायवुडचं. पावसाळ्यात ते फुगतं. बंद करायला खांदा लावावा लागतो आणि त्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. पलंग लग्नात माहेरून आलेला, दिसायला भक्कम, पण त्याच्या डाव्या पायाचा बोल्ट ढिला आहे, हे पहिल्याच आठवड्यात सगळ्या घराला समजलेलं असतं. त्यावर कुणी काही बोलत नाही. फक्त एके सकाळी सासरेबुवा न विचारता पाना घेऊन येतात.

उपाय. बोल्ट आवळा. पंखा पाचवर ठेवा. थंडीतही, गोधडी घेऊन. रात्रीचा हट्ट सोडा, कारण शरीराला घड्याळ पाहून काही कळत नाही आणि रविवारी सकाळी घरचे देवदर्शनाला गेले असताना केलेल्या प्रयत्नाला निसर्ग तेवढेच गुण देतो. सासू-सासऱ्यांना अष्टविनायक यात्रेला पाठवावं. हा खर्च पुढे होऊ शकणाऱ्या दवाखान्याच्या खर्चापेक्षा बराच कमी असतो, शिवाय पुण्य त्यांना लागतं.

मी हे थट्टेने लिहीत असलो तरी ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांना त्यात थट्टा फारशी दिसणार नाही. ‘तीन वर्षं झाली, काही होत नाही’ असं सांगणाऱ्या जोडप्याला डॉक्टर हळूच विचारतात, “महिन्यातून किती वेळा?” दोघं एकमेकांकडे बघतात. तो हिंजवडीत रात्रपाळीला, अमेरिकेतलं ऑफिस उघडतं तेव्हा याचा दिवस सुरू होतो. तिची बँक सकाळी दहाला. ती निघते तेव्हा तो अंथरुणावर पडतो. हिशेब केला तर महिन्यातून दोनदा, तेही पाहुणे नसतील तर. अशा घरी औषधाच्या आधी शिफ्ट बदलून घ्यावी लागते.

पंचांग कसं वाचावं

स्त्रीच्या शरीरात महिन्यातून बहुधा एकच बीज सुटतं आणि ते बारा ते चोवीस तास टिकतं. त्यानंतर आलेल्या पाहुण्यांना दार बंद. पुरुषाचे शुक्राणू मात्र चिवट. वाट चांगली असेल तर ते आत पाच दिवसांपर्यंत मुक्काम करतात. त्यामुळे कामाचे दिवस येतात सहा : बीज सुटतं तो दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात ॲलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी मुलासाठी प्रयत्न करणाऱ्या २२१ स्त्रियांचा अभ्यास केला आणि १९९५ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात राहिलेले सगळे गर्भ याच सहा दिवसांतल्या संबंधांतून राहिलेले होते. दुसऱ्या दिवशी उशिराने केलेल्या कष्टांचं फळ कुणालाच मिळालं नव्हतं.

हे सहा दिवस कोणते, यावर सगळी गंमत आहे. मैत्रीण सांगते, “चौदावा दिवस पकड.” हा चौदावा दिवस फक्त अठ्ठावीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंत साधारण चौदा दिवस जातात. मोजायचं ते मागून. पस्तीस दिवसांनी पाळी येणाऱ्या सूनबाईंनी चौदावा दिवस पकडला तर त्या आठवडाभर लवकर स्टेशनवर जाऊन बसतात. त्यांची गाडी एकविसाव्या दिवसाच्या आसपास आहे. बरं, ही गाडीही वेळापत्रकाशी फारशी इमान राखत नाही. ताप आला, प्रवास झाला, जागरणं झाली, की पुढे-मागे होते.

मागून मोजण्याचं हे गणित मांडणाऱ्यांत जपानच्या निइगाता शहरातले डॉक्टर क्यूसाकू ओगिनो अग्रेसर होते. त्यांनी ते १९२४ साली प्रसिद्ध केलं. हेतू असा की मूल होत नसलेल्या बायकांना नेमके दिवस सांगता यावेत. जगाने ते गणित घेतलं आणि नेमकं उलट वापरलं, मूल टाळण्यासाठी. ओगिनोंना हे अजिबात पटलं नव्हतं. टाळण्यासाठी ही पद्धत भरवशाची नाही, असं ते सांगत राहिले. ‘हिशेब करून’ झालेली कित्येक मुलं त्यांच्या म्हणण्याचा पुरावा म्हणून पुढे शाळेत गेली.

आता कृती. भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने गोल करू नयेत. सासूबाई चष्मा लावून विचारतात, “संकष्टीला कशाला गोल केलाय? चंद्रोदय तर इथे दिलेला आहे.” फोनमधलं ॲप बरं, पण त्याची सूचना गुलाबी फुलासकट पडद्यावर येते आणि फोन नेमका तेव्हा दिराच्या हातात असतो. सूचना बंद ठेवा. शिवाय ॲपला तुमचं शरीर दिसत नाही. ते मागच्या महिन्यांवरून अंदाज बांधतं. शरीर स्वतः सांगतं त्याकडे लक्ष द्या. पाळीनंतर काही दिवस कोरडे जातात, मग स्राव वाढतो, पातळ होतो, आणि एक-दोन दिवस अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा बुळबुळीत, ताणला तर तार धरणारा होतो. हे दिवस सर्वांत चांगले. शाकाहारी घरात ही उपमा चालत नसेल तर सूनबाईंनी ती मनातल्या मनात ठेवावी.

थर्मामीटरची पद्धतही आहे. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातून न उठता, कुणाशी न बोलता तापमान घ्यायचं आणि लिहून ठेवायचं. बीज सुटून गेल्यावर ते किंचित चढतं. ज्या सोसायटीत नळाला पाणी पहाटे पाचला येतं आणि साडेपाचला जातं, तिथे अंथरुणात न हलता पडून राहणारी सून मिळणं कठीण. आणि तापमान चढलं याचा अर्थ मुहूर्त टळला एवढाच. चार-सहा महिन्यांच्या नोंदींवरून आपलं चक्र कळतं, हा त्याचा खरा उपयोग. औषधाच्या दुकानात लघवीत बुडवायच्या पट्ट्याही मिळतात. त्या बीज सुटण्याच्या साधारण एक-दीड दिवस आधी रेघ दाखवतात. पीसीओएस असलेल्या बायकांना त्या पुष्कळदा उगीचच रेघ दाखवतात आणि महिनाभर दोघांना पळवतात.

एवढं वाचून ज्यांना गरगरलं त्यांनी सगळं सोडून द्यावं आणि दर दोन-तीन दिवसांनी एकदा, महिनाभर, हा नियम धरावा. सहा दिवसांची खिडकी त्यात कुठेतरी सापडतेच. माझं स्वतःचं मत विचाराल तर नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. पट्टीवर रेघ आली की दुपारी चारला ऑफिसात मेसेज जातो, ‘आज आहे. लवकर ये.’ त्या मेसेजनंतर पुरुषाचं जे होतं ते कुठल्याही मीटिंगच्या अजेंड्याने होत नाही. रात्री दोघं पलंगाच्या दोन कडांना बसून परीक्षेला आल्यासारखे एकमेकांकडे बघतात, आणि नेमकं त्याच दिवशी काही जमत नाही.

एक नाशकात आणि एक मुंबईत, अशा शनिवार-रविवारच्या जोडप्यांनी खचून जाऊ नये. बीज बुधवारी सुटणार असेल तर शनिवारी येऊन गेलेल्या नवऱ्याचे प्रतिनिधी तोपर्यंत हजर असू शकतात. ते रजा मागत नाहीत.

चिरंजीवांची पूर्वतयारी

आत्याबाईंच्या शास्त्रात या प्रकरणाला पान नाही. तिथे सूनबाईंनीच उपास करायचे, तिनेच शतावरी घ्यायची, ओटीही तिचीच भरायची, तपासण्या तिच्याच आणि नवसही तिच्याच नावाचा. चिरंजीव यात फक्त गाडी चालवतात. वास्तविक मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं. कधी एकट्याचं, कधी दोघांचं मिळून.

पहिली गोष्ट उष्णता. निसर्गाने पुरुषाचे अंडकोष शरीराबाहेर टांगून ठेवले ते काही शोभेसाठी नाही. त्यांना शरीरापेक्षा दोन-चार अंश थंड जागा लागते. त्यांच्यावर तासन्‌तास लॅपटॉप ठेवून काम करणं, घट्ट जीन्स, रोज कढत पाण्याच्या टबात बसणं, हे सगळं त्या योजनेच्या विरुद्ध. भट्टीपुढे उभं राहणारे, तासन्‌तास ट्रक चालवणारे यांना हे टाळता येत नाही. त्यांनी निदान सैल कपडे घालावेत.

दुसरी तंबाखू. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, हे टपरीवाल्याला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. सिगारेट, मावा, मशेरी यांपैकी काहीही चालू असेल तर शुक्राणूंची संख्या आणि चाल दोन्ही मार खातात. मशेरी घरातल्या बायकाही लावतात, तेव्हा हा परिच्छेद सूनबाईंनाही लागू. दारू बेताची करून भागत नाही, जमेल तेवढी सोडलेलीच बरी.

तिसरी गोष्ट जिममधली, आणि ती कुणी सांगत नाही. दंड फुगवण्यासाठी ट्रेनर जी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुचवतो, त्यांनी शुक्राणूंचा कारखाना बंद पडतो. बाहेरून माल येतोय म्हटल्यावर मेंदू आतल्या कामगारांना घरी पाठवतो. बाहेरून पैलवान, आत टाळेबंदी. इंजेक्शनं थांबवल्यावर कारखाना बहुधा पुन्हा सुरू होतो, पण त्याला महिने लागतात, कधी वर्ष.

एक शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणून आज सिगारेट सोडली आणि शुक्रवारी निकाल, असं होत नाही. तीन महिने धरून चालावं. मध्ये डेंग्यू किंवा मलेरियाचा सडकून ताप येऊन गेला असेल तर पुढचे दोन-तीन महिने आकडे खाली दिसू शकतात, त्याने घाबरू नये.

‘साठवून ठेवलं तर जोर वाढतो’ हा समज चाळीच्या गच्चीवर तयार झालेला आहे. पंधरा दिवस साठवल्याने संख्या वाढते पण त्यातले बरेचसे म्हातारे आणि मंद असतात.

सूनबाईंसाठी, थोडक्यात

फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज, दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून पहिले तीन महिने पुरे होईपर्यंत. बाळाच्या पाठीचा कणा आणि मेंदू ज्या नळीतून घडतात ती नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत बंद होते, म्हणजे पुष्कळ बायकांना अजून नक्की काही कळलेलंही नसतं. म्हणून ‘बातमी आली की सुरू करू’ यात उशीर होतो. दुकानात पाच मिलिग्रॅमची गोळी मिळते, ती सरसकट सगळ्यांसाठी नाही. मधुमेह, फिटची औषधं, आधीच्या बाळाला कण्याचा दोष, अशा वेळी डॉक्टर ती देतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर एकदा बघून घ्या. थॅलेसेमियाची तपासणी दोघांपैकी एकाची तरी आधी झालेली बरी. रुबेलाची लस घ्यायची असेल तर घ्या आणि मग महिनाभर थांबा. वजन फार असेल, पाळी दोन-दोन महिने येत नसेल, तर पाच-दहा टक्के वजन उतरल्यानेही कित्येकींचं बीज पुन्हा नियमित सुटू लागतं. पाच टक्के म्हणजे सत्तर किलोच्या बाईला साडेतीन किलो. त्यासाठी मॅरेथॉन धावायला नको. संध्याकाळचा फरसाण आणि सासूबाईंचा “घे गं अजून एक पोळी” हा आग्रह टाळायला हवा. दुसरी गोष्ट अवघड आहे.

संबंधांनंतर पाय भिंतीला लावून अर्धा तास पडून राहण्याची शिफारस बहुतेक मैत्रिणी करतात. त्याने काही होतं असं सिद्ध झालेलं नाही. धावणारे काही मिनिटांत आत पोचलेले असतात आणि बाहेर येतं ते उरलेलं द्रव. पाय वर करून बरं वाटत असेल तर करा. भिंतीवर तेलकट टाचांचे डाग पडतात, एवढीच सूचना.

पेढे की बर्फी

सम तिथीला मुलगा, विषम तिथीला मुलगी, डाव्या कुशीवर निजलं तर हे, उजव्या नाकपुडीत तो रस घातला तर ते. या सगळ्याचं उत्तर १९०५ सालीच मिळालेलं आहे. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकी बाईंनी पिठातल्या किड्यांचा अभ्यास करून दाखवलं की पिल्लू नर की मादी, हे नराच्या शुक्राणूतल्या गुणसूत्रावर ठरतं. माणसातही तसंच. म्हणजे ‘हिला मुलीच होतात’ असं म्हणणाऱ्या सासूबाईंनी तक्रार सुनेकडे करायची नसून स्वतःच्या चिरंजीवांकडे करायची आहे, आणि त्यालाही ते हातात नाही. गर्भलिंग तपासणीला आवर घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ साली केला, देशाचा १९९४ साली आला. ‘हमखास मुलगा’ असं कुणी छापून सांगत असेल तर तो गुन्हा करतोय. या प्रकरणात आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

वर्ष उलटल्यावर

वर्षभर नियमित प्रयत्न करूनही काही झालं नाही तर डॉक्टरकडे जायचं. बाई पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच. पाळी फार अनियमित असेल, तिला कधी पोटाचा क्षयरोग होऊन गेला असेल, त्याला लहानपणी अंडकोष खाली न उतरल्याचं ऑपरेशन झालं असेल, तर वाटच बघू नका. क्षयरोगाचं मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे गर्भनलिका बंद होण्यामागे तो बऱ्याचदा असतो आणि त्याचा इतिहास घरात ‘तेव्हा तिला बरं नव्हतं’ एवढ्यावर आटोपलेला असतो.

डॉक्टरकडे दोघांनी जावं. “तू जाऊन ये, मग बघू” असं चिरंजीवांनी म्हणू नये. कारण पहिल्या तपासण्यांत सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासणी त्याची आहे, आणि ती सोडून बाईला सोनोग्राफी, रक्त, नळ्यांचा एक्स-रे, दुर्बीण, असं वर्षभर फिरवलेलं किती घरांत दिसतं.

त्याच्या तपासणीची कृती देतो, कारण ती कुठे छापलेली नसते. दोन ते सात दिवसांचा खंड ठेवून लॅबमध्ये जायचं. काउंटरवरची मुलगी मान वर न करता विचारते, “कसली टेस्ट?” मागे रांगेत उपाशीपोटी साखर तपासायला आलेले चार ज्येष्ठ नागरिक उभे असतात. चिरंजीव पुटपुटतात. “मोठ्याने बोला ना.” ते बोलतात. ज्येष्ठ नागरिक छताकडे बघू लागतात. मग रुंद तोंडाची, पांढऱ्या झाकणाची प्लास्टिकची डबी मिळते, तिच्यावर नाव आणि वय मार्करने लिहिलेलं. बोळाच्या टोकाला, ईसीजीच्या शेजारी एक खोली. ट्यूबलाइट, स्टीलचं स्टूल, वॉश बेसिन, आणि भिंतीवर गुबगुबीत हसऱ्या बाळाचं पोस्टर. ते तिथे ज्याने लावलं त्याला या खोलीत काय करायचंय याची कल्पना दिलेली नसावी. कडी अर्धीच लागते. बाहेरून वॉर्डबॉय विचारतो, “झालं का साहेब?”

तरी करावं. नमुना सगळा डबीत यायला हवा. सुरुवातीचा थेंब सांडला तर तसं सांगावं, लपवू नये, कारण शुक्राणूंची गर्दी त्यातच असते. घरून आणायचा असेल तर लॅबला आधी विचारावं, तासाभराच्या आत पोचवावा आणि डबी शर्टाच्या आत अंगाशी धरून न्यावी. टिफिनच्या पिशवीत बर्फासोबत ठेवू नये.

रिपोर्टवर आकडा कोटीत येतो आणि चिरंजीव छाती काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा मिलिलिटरला १ कोटी ६० लाख, सगळ्या नमुन्यात मिळून ३ कोटी ९० लाख. छाती काढण्याआधी खालचे रकाने वाचावेत : हलणारे किती, सरळ पुढे जाणारे किती, आकाराने धड किती. शेवटच्या रकान्यात शंभरात चार देखणे निघाले तरी चालतात, त्यामुळे तिथे ‘४’ बघून कोसळू नये. आकडा खाली आला तर ती नापासाची मार्कलिस्ट नव्हे. काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात, आणि दोन्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टरांशी बोलायचं असतं, जिम ट्रेनरशी नाही.

ही मार्गदर्शिका एखाद्या आत्याबाईंच्या हाती पडली असेल तर त्यांना एक विनंती. पुढच्या फोनला “काही विशेष?” विचारायचंच असेल तर ते आपल्या भाच्याला विचारा, आणि त्यानंतर लगेच विचारा, “तुझी तपासणी झाली का रे?”